परमिशन डिनाइड: विंडोजची फाइल लिनक्समधून, लिनक्सची विंडोजमधून उघडताना

रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला. त्याने लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी नुकतंच उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, टाकलं होतं. "दादा, डी ड्राइव्हमधली फाइल उघडते, पण सेव्ह करायला गेलं की नाही म्हणतं. सुडो लावून पण बघितलं." (सुडो म्हणजे लिनक्समध्ये एखादी आज्ञा 'रूट' या सर्वाधिकारी खात्याच्या नावाने चालवायची सोय.)

"विंडोज शेवटचं कसं बंद केलंस?"

"कसं म्हणजे? शटडाउन करून."

"मग तिथेच घोळ आहे."

शटडाउन करून घोळ कसा होईल, हे त्याला त्या रात्री पटलं नाही. कारण पुढे येतंच. पण हा प्रश्न मला इतक्या वेळा आणि इतक्या रूपांत येतो, की एकदा सगळं नीट मांडून ठेवावं म्हटलं. एक सूचना आधीच देतो: आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीत, शक्यतो लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

आपण म्हणतो, "या प्रोग्रॅमला परवानगी नाही." पण विंडोजवर काय नि लिनक्सवर काय, साध्या प्रोग्रॅमला स्वतःची अशी परवानगी नसतेच. तो चालवणाऱ्याच्या ओळखपत्रावर फिरतो. तुम्ही एडिटर उघडला तर तो तुमच्या नावाने फाइल मागतो. तोच एडिटर सुडो लावून उघडला तर रूटच्या नावाने मागतो. वेब सर्व्हरसारखा मागे चालणारा प्रोग्रॅम त्याच्यासाठी काढलेल्या वेगळ्याच खात्याच्या नावाने मागतो. याला अपवाद आहेत, मॅक आणि स्नॅप (उबुंटूची प्रोग्रॅम बंदिस्त करून टाकायची पद्धत) हे त्यातले मोठे. त्यांच्याकडे नंतर येऊ.

दुसरी गोष्ट म्हणजे पहाऱ्यावर कोण आहे. फाइलवरची परवानगी हे कुलूप नव्हे, सोसायटीच्या गेटवरच्या वहीतली नोंद आहे. ती वाचून अडवायचं काम वॉचमनचं, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमचं. दुसऱ्या सोसायटीचा वॉचमन आणून बसवला तर त्याला ती वही वाचता येईलच असं नाही. आली तरी 'फ्लॅट १०००' म्हणजे त्याच्या लेखी भलतंच बिऱ्हाड.

तिसरी गोष्ट ती वहीच, म्हणजे डिस्कचा फॉरमॅट. फॅट३२ आणि एक्सफॅट यांच्यात फाइलचा मालक लिहायला जागाच नाही. एनटीएफएसमध्ये आहे, पण विंडोजच्या भाषेत. ईएक्सटी४ मध्ये आहे, पण लिनक्सच्या.

कुठलीही तक्रार आली की मी हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारतो: कोणाच्या नावाने, कोणाच्या पहाऱ्यात, कोणत्या वहीत.

नाव नाही, आकडा

लिनक्समध्ये फाइलवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतं, आकडा लिहिलेला असतो. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांत पहिल्या माणसाला १००० हा आकडा मिळतो. मॅकवर पहिला माणूस ५०१. टर्मिनलमध्ये 'आयडी' एवढंच टाइप करा, तुमचा आकडा दिसेल. 'एलएस -एलएन' केलंत की फाइलींपुढे नावांच्या जागी खरे आकडे दिसतात.

याचा एक मासला. माझी ईएक्सटी४ ची बाहेरची डिस्क, आत ६०० परवानगीच्या खासगी फाइली, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला. ती मित्राच्या लिनक्स लॅपटॉपला लावली आणि त्याने एकही पासवर्ड न देता सगळं उघडलं. त्यात चमत्कार काही नाही. माझ्या मशीनवर मी १०००, त्याच्या मशीनवर तो १०००. त्याच्या वॉचमनच्या दृष्टीने त्या फाइली त्याच्याच होत्या.

विंडोजची तऱ्हा उलटी. तिथे प्रत्येक खात्याला एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक ओळखक्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. दोन मशीनवर तुमचं नाव तेच असलं, पासवर्ड तोच असला, तरी एसआयडी वेगळा. म्हणून जुन्या लॅपटॉपची डिस्क काढून नव्याला लावली की फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' आणि पुढे तो आकडा दिसतो. तो आकडा म्हणजे जुन्या मशीनवरचे तुम्हीच.

पायरी पहिली: एरर जशीच्या तशी वाचा

"ॲक्सेस देत नाही" म्हणून फोन करणाऱ्यांना मी आधी एरर वाचायला लावतो, कारण लिनक्समध्ये तीन वेगळ्या एररचे तीन वेगळे अर्थ होतात.

'परमिशन डिनाइड' आलं तर मालकाच्या आकड्याचा किंवा परवानगीचा प्रश्न आहे. वाटेतल्या एखाद्या फोल्डरने अडवलंय असंही असतं.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर तुम्ही जे करू बघताय ते तुमच्या अधिकारात नाही, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या फाइलची परवानगी बदलणं, किंवा त्या डिस्कवर ते होतच नाही. मॅकवर ही ओळ दिसली तर रोख बहुतेक वेळा वेगळीकडे असतो, तो पुढे मॅकच्या भागात येईल.

'रीड-ओन्ली फाइल सिस्टीम' आलं तर परवानग्यांना हात लावूच नका. पूर्ण डिस्कच 'फक्त वाचा' अशी जोडली गेली आहे, आणि तिथे सुडोही हतबल असतो. मावसभावाची एरर हीच होती.

पायरी दुसरी: विंडोज खरोखर बंद करा

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शटडाउन दाबलं की विंडोज पूर्ण झोपत नाही. स्वतःचा गाभा डिस्कवर उतरवून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. त्या अवस्थेत एनटीएफएसचा हिशेब अर्धवट उघडा असतो. लिनक्सला ते कळतं आणि तो शहाण्यासारखा लिहायला नकार देतो. लिहू दिलं तर विंडोज उठल्यावर त्याच्या आठवणीतली डिस्क आणि खरी डिस्क यांचा मेळ बसणार नाही, आणि फाइली खराब होतील.

उपाय सोपा आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एकदाच हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं, त्यामुळे रीस्टार्ट करून थेट लिनक्समध्ये गेलात तरी चालतं. हायबरनेशनची फाइल लिनक्समधून उडवायचा पर्यायही इंटरनेटवर सापडेल. मी तो वापरत नाही. त्या फाइलीत कोणाचं तरी सेव्ह न केलेलं काम असू शकतं.

पायरी तिसरी: एनटीएफएस लिनक्सला नीट जोडा

इथे जरा रेंगाळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरने, म्हणजे लिनक्सला एनटीएफएस वाचून देणाऱ्या प्रोग्रॅमने, डिस्क नेहमीच्या पद्धतीने जोडली की त्यावरची प्रत्येक फाइल ७७७ दिसते, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. मग तुम्ही परवानगी बदलायची आज्ञा, 'सीएचमॉड ६००', देता. एरर येत नाही. पुन्हा पाहता, तर ७७७ च. ड्रायव्हर ती आज्ञा मुकाट्याने गिळतो, कारण एसआयडीच्या वहीत लिनक्सचे आकडे कुठे लिहायचे हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. दिसणारी परवानगी फाइलवरची नसून डिस्क जोडताना पांघरलेली चादर असते. ती बदलायची तर जोडतानाच बदलायला हवी.

त्यासाठी 'एलएसबीएलके -एफ' चालवा आणि त्या पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या त्या भागाचा, यूयूआयडी हा ओळखक्रमांक लिहून घ्या. स्लॅश-एमएनटीमध्ये 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर करा. मग ईटीसीमधली एफएसटॅब ही फाइल, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी, सुडोने उघडून शेवटी एक ओळ घाला. तिचे भाग या क्रमाने येतात: यूयूआयडी= (हे मोठ्या अक्षरांत) आणि लगेच तो क्रमांक, मग स्लॅश-एमएनटी-स्लॅश-डेटा, मग एनटीएफएस-३जी, मग स्वल्पविरामांनी जोडलेले आणि मध्ये एकही जागा न सोडलेले पर्याय, आणि शेवटी दोन शून्यं. पर्याय असे:

यूआयडी=१००० आणि जीआयडी=१०००, म्हणजे सगळं माझ्या नावावर दाखव. तुमचा आकडा वेगळा असेल तर तो घाला.

डीमास्क=०२२ आणि एफमास्क=१३३. मास्क म्हणजे वजा करायचा हिशेब. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, असे तिघांचे, म्हणजे मालक, गट आणि बाकीचे यांचे, तीन सातांचे आकडे. फोल्डरांच्या ७७७ मधून ०२२ गेले की ७५५ उरतात. फाइलींच्या ७७७ मधून १३३ गेले की ६४४.

'विंडोज अंडरस्कोर नेम्स' हा पर्याय मी कधी विसरत नाही. लिनक्सला फाइलच्या नावात विसर्गासारखी दोन टिंबं, म्हणजे कोलन, चालतात. विंडोजला चालत नाहीत. 'मीटिंग १०:३०' नावाची फाइल लिनक्समधून ठेवलीत तर विंडोजमध्ये ती दिसेल पण उघडणार नाही, आणि तुम्ही परवानगीला दोष देत बसाल. हा पर्याय असं नाव ठेवूच देत नाही.

शेवटचा 'नोफेल'. तो नसेल आणि डिस्क काढलेली असेल तर मशीन सुरू होताना अडून बसतं.

ओळ घातल्यावर लगेच रीस्टार्ट करू नका. आधी 'सुडो माउंट -ए' चालवून पाहा. चूक असेल तर ती इथेच, चालू मशीनवर कळू दे. काळ्या पडद्यापुढे बसून एफएसटॅब दुरुस्त करणं मी केलंय, मजा येत नाही.

एक ध्यानात ठेवा. एफमास्क १३३ ने चालवायचा १ काढून घेतला, त्यामुळे त्या डिस्कवरच्या स्क्रिप्ट थेट चालणार नाहीत. फोटो, पुस्तकं, हिशेब यांना ते योग्यच आहे. तिथे प्रोग्रॅमिंगचं काम करणार असाल तर एफमास्कही ०२२ ठेवा. खरं तर ते काम ईएक्सटी४ वरच करा.

आणि एक अस्वस्थ करणारी गोष्ट. या सगळ्यात विंडोजने लावलेल्या बंदीचं काय झालं? काही नाही झालं, तिला कोणी विचारलंच नाही. विंडोजमध्ये दुसऱ्या खात्याला बंद असलेलं फोल्डर लिनक्समधून सरळ उघडतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करणाऱ्या कोणालाही उघडतं. पहारेकरी बदलला की नोंदीला अर्थ राहत नाही. मशीन दुसऱ्याच्या हाती पडलं तरी फाइली बंद राहाव्यात असं वाटत असेल तर परवानग्यांच्या भरवशावर राहू नका. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी करा: विंडोजवर बिटलॉकर, लिनक्सवर लक्स, मॅकवर फाइलव्हॉल्ट लावा आणि त्याची रिकव्हरी की त्या मशीनच्या बाहेर ठेवा.

विंडोजच्या पोटातलं लिनक्स

डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, वापरणाऱ्यांचा प्रश्न थोडा निराळा, कारण इथे दोन वॉचमन एकाच वेळी ड्यूटीवर असतात. स्लॅश-एमएनटी-स्लॅश-सी मधून सी ड्राइव्ह दिसतो, पण तिथे खरा अधिकार विंडोजचा. डब्ल्यूएसएलमध्ये तुम्ही सुडो लावून रूट झालात तरी सी ड्राइव्हवर तुम्ही तेच साधे विंडोज खातेदार राहता, ज्याच्या नावाने ती खिडकी उघडली. विंडोजचं सिस्टीम फोल्डर तुम्हाला तिथूनही बदलता येणार नाही. येऊही नये.

याची ठेच बहुतेकांना एसएसएचच्या खासगी कीला, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरायच्या किल्लीच्या फाइलला, लागते. की डाउनलोड्समध्ये पडलेली, तिथूनच वापरायला गेलं की भलीमोठी चौकट येते: परवानगी ०७७७, फारच सैल आहे, मी ही की वापरणार नाही. मग सीएचमॉड केलं जातं, ते मुकाट गिळलं जातं, आणि माणूस वैतागतो. ती की लिनक्सच्या घरात हलवा, टिल्ड-स्लॅश-डॉट-एसएसएच या फोल्डरमध्ये, आणि तिथे सीएचमॉड ६०० करा. अर्ध्या मिनिटाचं काम.

सी ड्राइव्हवरच लिनक्सच्या परवानग्या टिकायला हव्या असतील तर ईटीसीमध्ये डब्ल्यूएसएल-डॉट-कॉन्फ ही फाइल करा. चौकटी कंसात 'ऑटोमाउंट', त्याखाली ऑप्शन्स बरोबर, अवतरणचिन्हांत 'मेटाडेटा'. मग विंडोजच्या टर्मिनलमधून 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' देऊन पुन्हा उघडा. आता लिनक्सचे आकडे एनटीएफएसवरच बाजूला नोंदून ठेवले जातात. विंडोज त्या नोंदींकडे ढुंकूनही पाहत नाही.

परवानगी ठीक, तरी उघडत नाही: वाट तपासा

घरच्या जुन्या मशीनवर मी फोटो दाखवायचा एक सर्व्हर बसवला होता. फोटोंच्या फाइली ६४४, सगळ्यांना वाचायला मोकळ्या, तरी सर्व्हरला एकही दिसेना. तासभर मी चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. सर्व्हर त्याच्या वेगळ्या खात्याने चालत होता आणि फोटो माझ्या घरच्या फोल्डरमध्ये होते. उबुंटूने २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपासून घरच्या फोल्डरची परवानगी ७५० केली आहे. बाकीच्यांना तिथे पाऊल टाकता येत नाही. आतल्या खोलीचं दार सताड उघडं असून उपयोग काय, फाटकच बंद.

फोल्डरवरचा १ म्हणजे 'चालवणं' नव्हे, तर 'आतून पुढे जाऊ देणं'. फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर तो लागतो. तपासायला 'नेमआय -एल' आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता द्या. मुळापासून फाइलपर्यंत एकेक पायरी परवानगीसकट उभी छापली जाते, आणि अडथळा डोळ्यांना दिसतो. नंतर 'सुडो -यू', त्या खात्याचं नाव, आणि 'एलएस' व पत्ता देऊन त्याच्याच नावाने उघडून बघा. मी शेवटी फोटो घरातून काढून स्लॅश-एसआरव्हीमध्ये ठेवले.

फोल्डरचा आणखी एक गुण लोकांना चकवतो. फाइल पुसता येईल की नाही हे फाइलवर ठरत नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्या लिहिण्याच्या परवानगीवर ठरतं. ४४४ केलेली फाइलही त्यामुळे आरामात पुसली जाते.

स्नॅप, फ्लॅटपॅक आणि मॅक: इथे प्रोग्रॅमलाही विचारतात

उबुंटूवर स्नॅपमधून टाकलेला एखादा प्रोग्रॅम पेनड्राइव्ह उघडत नाही, पण फाइल मॅनेजरमध्ये तोच पेनड्राइव्ह व्यवस्थित दिसतो. तुमच्या परवानग्यांत काही चूक नाही. स्नॅप त्या प्रोग्रॅमला कुंपणात ठेवतं. 'स्नॅप कनेक्शन्स' आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव द्या. यादीत 'रिमूव्हेबल-मीडिया'पुढे नुसती आडवी रेघ असेल तर 'सुडो स्नॅप कनेक्ट', प्रोग्रॅमचं नाव, कोलन, रिमूव्हेबल-मीडिया. ही परवानगी स्लॅश-मीडिया, स्लॅश-रन-स्लॅश-मीडिया आणि स्लॅश-एमएनटी इथवरच पोचते. वर मी डिस्क स्लॅश-एमएनटीखाली जोडायला सांगितली त्याचं एक कारण हे. फ्लॅटपॅक ही स्नॅपसारखीच दुसरी पद्धत; ती वापरणाऱ्यांनी फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप टाकावं, त्यात हवं ते फोल्डर जोडता येतं.

मॅकने हाच विचार पूर्ण सिस्टीमला लावला. २०१८ च्या मोहावीमध्ये 'फुल डिस्क ॲक्सेस' आलं. २०१९ च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि बाहेरच्या डिस्कसाठी प्रोग्रॅमला तुमची वेगळी संमती लागते. म्हणून फाइल तुमची, मालक तुम्ही, वर सुडो, तरी टर्मिनल म्हणतं 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. सिस्टीम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फुल डिस्क ॲक्सेस, तिथे टर्मिनल जोडा आणि टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. पण टर्मिनलला दिलेली ही सूट त्यातून चालवलेल्या प्रत्येक स्क्रिप्टला मिळते, हे ध्यानात घ्या. बाकी एनटीएफएसची डिस्क मॅक नुसती वाचतो, लिहीत नाही, आणि ईएक्सटी४ त्याला वाचताच येत नाही. मॅक आणि इतर मशीनमध्ये ने-आण करायची तर एक्सफॅट. फॅट३२ वर ४ जीबीच्या पुढची एक फाइल मावत नाही.

विंडोजमधलं 'कंटिन्यू' बटण

जुन्या डिस्कवरचं फोल्डर उघडताना विंडोज विचारतं, कायमचा ॲक्सेस हवा तर कंटिन्यू दाबा. डेटाच्या फोल्डरसाठी खुशाल दाबा. मोठं फोल्डर असेल तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या टर्मिनलमधून 'टेकओन' (मालकी घ्यायला) आणि मग 'आयकॅक्ल्स' (परवानगी द्यायला) वापरा. पण ती डिस्क अजून एखाद्या मशीनची चालू सी ड्राइव्ह असेल तर तिच्या सिस्टीम फोल्डरांना हात लावू नका. मी एकदा पूर्ण ड्राइव्हचीच मालकी घेऊन बसलो होतो. डिस्क मूळ मशीनमध्ये परत गेल्यावर निम्मी ॲप्स उघडेनात, आणि शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं.

'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हाही रामबाण नाही. तसा उघडलेला प्रोग्रॅम वेगळ्या ओळखीने चालतो, त्यामुळे तुम्ही जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह त्याला बहुधा दिसतच नाही. म्हणजे अधिकार वाढवले आणि फाइल गायब झाली. लिनक्सवर याच्या तोडीचा प्रकार म्हणजे मुळापासून 'सीएचमॉड -आर ७७७'. त्यात सुडोवरची खास खूणच पुसली जाते, आणि मग ते दुरुस्त करायला सुडोच उरत नाही.

बॅकअप घेताना

लिनक्सचं घर एक्सफॅटच्या डिस्कवर नुसतं कॉपी केलंत तर मालक, परवानग्या सगळं गळून पडतं. परत आणल्यावर एसएसएचची की पुन्हा 'फारच सैल'. म्हणून आधी टार या आज्ञेने सगळं बांधून एकच फाइल करा: 'सुडो टार --न्यूमेरिक-ओनर -सीपीझेडएफ', पुढे नव्या फाइलचं नाव, मग फोल्डर. परवानग्या आत बांधून राहतात, बाहेरची डिस्क कुठलीही असो. सोडवतानाही सुडो लावा, नाहीतर सगळ्या फाइली सोडवणाऱ्याच्या नावावर जातील. आणि नव्या मशीनवर तुमचा आकडा १००० च आहे ना, हे 'आयडी' चालवून आधी बघून घ्या.